स्वेटरवाल्यांचे सण

दिवाळी आटोपली आणि पहाटेचा गारठा जाणवू लागला की आपल्या गावोगावी स्वेटरवाले येतात. बांबू आणि ताडपत्री यांची दुकाने उभी राहतात, दोरीवर रंगीत जर्किने टांगली जातात आणि त्यांच्यामागे एखादी गोरटेली, बसक्या नाकाची बाई लोकर विणत बसलेली दिसते. लोक त्यांना सरसकट ‘नेपाळी’ म्हणतात. त्यांना ते ठाऊक असते. पण गिऱ्हाईक घासाघीस करीत असताना त्याला इतिहास सांगत बसणारा माणूस धंदा काय करणार! ते बहुधा तिबेटी असतात. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासाहून निघाले आणि महिनाअखेरीस भारतात पोहोचले. त्यांच्या मागोमाग हजारो लोक हिमालय ओलांडून आले. कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड, आजच्या छत्तीसगडात मैनपाट अशा वसाहती त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात तशी एक वसाहत आहे. तिचे नाव नोर्गेलिंग. ती १९७२ साली तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ वसली. १९९९ पासून तो भाग गोंदिया जिल्ह्यात आहे. जवळच इटियाडोह धरण आहे, नवेगावचे जंगल आहे आणि भाताची शेती आहे. बर्फातून आलेल्या माणसांना विदर्भाचे ऊन वाट्याला आले.

त्याच वसाहतीतील एक जोडपे १९८६ च्या दिवाळीनंतर श्रीगोंद्यास आमच्याकडे आले. आमचे कापडाचे दुकान होते, आणि दुकानामागे गाठोडी ठेवण्याची एक खोली होती. ती त्यांना हिवाळ्यापुरती भाड्याने हवी होती. वडिलांनी दोनच अटी घातल्या. खोलीत मांस आणि अंडे शिजणार नाही, आणि दारू येणार नाही. त्या गृहस्थाने मान हलवली आणि पत्नीला तिबेटीत काही सांगितले. तिने हसून आमच्या आईकडे पाहिले आणि मोडक्या हिंदीत एवढेच विचारले की कांदा चालेल का. आईने सांगितले, दुकानामागे चालेल, घरात नको. असा करार झाला. तो पुढे सोळा हिवाळे टिकला आणि कधी कागदावर आला नाही.

कागदाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून ठेवतो. हा सगळा माल लुधियान्याहून येत असे, आणि येत असे तो उधारीवर. हंगामाच्या आरंभी गाठी उचलायच्या आणि माल विकून झाला की पैसे पोहोचते करायचे. तारण नाही, जामीन नाही. लुधियान्याच्या होजिअरीच्या धंद्यात आपली ओसवाल जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. वडिलांचा सगळा जन्म उधारीच्या वह्यांत गेलेला. त्यांनी जेव्हा हे ऐकले, तेव्हा बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पुढे दुकानात कोणी उधारी बुडवली की ते हटकून मागच्या खोलीकडे बोट दाखवीत.

त्या बाईंची मुले त्यांना ‘आमा’ म्हणत, म्हणून आम्हीही आमाच म्हणू लागलो. त्यांच्या यजमानांना ‘पाला’. पाला लहानपणी काही वर्षे मठात राहिलेले होते आणि त्यांच्याजवळ तिबेटी पंचांगाची एक लांबट पोथी असे. दुकान बंद झाल्यावर ते ती उघडून बसत.

त्यांचा पहिला सण मी पाहिला तो डिसेंबरात, त्याच खोलीत. तिबेटी दहाव्या महिन्याच्या पंचविशीला गांदेन ङामछो येतो. गेलुग संप्रदायाचे प्रवर्तक आचार्य त्सोंगखापा यांनी १४१९ साली देह ठेवला, त्यांच्या स्मरणार्थ त्या रात्री घराच्या, मठाच्या कडेकडेने आणि खिडक्यांतून लोण्याचे दिवे लावतात. ऐन धंद्याच्या दिवसांत येणारा हा सण. वसाहतीत त्या वेळी म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले एवढीच उरतात. कर्ती मंडळी कुठल्या तरी परक्या गावातील ताडपत्रीखाली असतात. आमांनी लोण्याऐवजी वनस्पती तूप आणले होते, आणि खिडकीच्या फळीवर सात-आठ पणत्या मांडल्या होत्या. मागे लोकरीच्या गाठी रचलेल्या!

आईने ते पाहिले आणि ती चरकली. आम्ही स्थानकवासी. दिवा लावून पूजा करण्याची आमच्या घरी रीत नाही. आगीची भीती तर होतीच. पण आईचा जीव खालीवर होत होता तो ज्योतीवर झेपावणाऱ्या चिलटांसाठी. कोणाचा सण मोडायचा नाही, आणि डोळ्यांदेखत जीव जळू द्यायचा नाही, असे दुहेरी संकट तिच्यापुढे पडले. ती आत गेली, माळ्यावरून जुन्या कंदिलांच्या काचा काढल्या, पदराने पुसल्या आणि एकेका पणतीवर एकेक काच ठेवली. काचा पाच निघाल्या. उरलेल्या पणत्या आमांनी आपणहून विझवल्या. आईला त्यांनी काय समजले ते विचारावे लागले नाही. पुढल्या हिवाळ्यात लुधियान्याहून येताना आमांच्या गाठोड्यात कागदात गुंडाळलेल्या आठ काचा होत्या.

दुसरी आठवण पंचांगाची. फेब्रुवारी १९८७ मध्ये, आवराआवर चालू असता, पाला वडिलांना म्हणाले की आता आमचे नवे वर्ष येते, आणि हे वर्ष साधे नाही. साठ वर्षांचे चक्र संपून पुन्हा पहिले वर्ष लागते आहे. या चक्राला ते ‘रबजुङ’ म्हणतात. पहिले रबजुङ इसवी सन १०२७ मध्ये सुरू झाले आणि १९८७ मध्ये सतरावे लागत होते. कालचक्र तंत्राबरोबर हे गणित भारतातून तिबेटात गेले. वडिलांनी दुकानातील पंचांग चाळले. त्या गुढीपाडव्याला, शके १९०९ ला, आपल्याकडेही साठ संवत्सरांचे नवे चक्र लागत होते आणि पहिल्या संवत्सराचे नाव होते ‘प्रभव’. रबजुङ हा शब्द म्हणजे प्रभव याचेच तिबेटी भाषांतर. दोन्ही गणिते हजार वर्षे आपापल्या वाटेने चालून श्रीगोंद्याच्या एका कापड दुकानात समोरासमोर आली. वडिलांना झालेला आनंद मला आजही दिसतो. त्या वर्षीचे भाडे त्यांनी घेतले नाही, हे आईला पुष्कळ दिवसांनी कळले.

त्यांचा महिना आपल्या महाराष्ट्रातल्या महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो आणि पंधराव्या दिवशी पौर्णिमा येते. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, अधिक महिनाही येतो. महिन्यांना मात्र चैत्र-वैशाखासारखी नावे रूढ नाहीत. पहिला, दुसरा, तिसरा असे मोजतात. पहिल्या महिन्याची प्रतिपदा म्हणजे लोसार, त्यांचा पाडवा. तो फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभी येतो. स्वेटरचा धंदा थंडीबरोबर उठतो आणि मग लोसार येतो, ही त्या लोकांवर झालेली मोठीच कृपा म्हणायची. वर्षभरात वसाहत भरलेली दिसते ती तेव्हाच.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि आपल्या साधु-साध्वींचा विहार सुरू होतो. नगर–दौंडच्या वाटेवर असल्याने श्रीगोंदे परिसरात त्यांचे येणे-जाणे असते. एकदा दोन साध्वीजी अनवाणी, खाली पाहत रस्त्याने जाताना पालांनी पाहिल्या. त्यांनी वडिलांना विचारले की ही मंडळी वाहनात का बसत नाहीत, आणि पावसाळ्यात कुठे दिसत का नाहीत. वडिलांनी चातुर्मास समजावून सांगितला: पावसाळ्यात भूमीवर जीवांची उत्पत्ती होते, पायाखाली ते चिरडू नयेत म्हणून चार महिने एके ठिकाणी राहायचे. पाला एकदम म्हणाले, “हे तर आमचं यारने!”

तिबेटी भिक्षूही सहाव्या महिन्यापासून वर्षावासात बसतात आणि कारणही तेच सांगतात. त्या काळात कीडमुंगी, कोवळे अंकुर यांनी जमीन भरलेली असते. हा वास संपून भिक्षू बाहेर पडत, तेव्हा गृहस्थ त्यांना दही अर्पण करीत. ‘शो’ म्हणजे दही आणि ‘तोन’ म्हणजे मेजवानी. त्यावरून शोतोन हा सण झाला. पुढे ल्हासात त्याला मोठे रूप आले. द्रेपुङ मठात बुद्धाचे डोंगरउतारावर मावणारे प्रचंड वस्त्रचित्र उलगडतात, आणि नोर्बुलिंगका या उद्यानात ल्हामो नावाची संगीत नाटके दिवस दिवस चालतात. कालिंपाँगला १९५९ सालीच तिबेटी नाट्य-संगीताची संस्था स्थापन झाली ती याच परंपरेसाठी. घर गेले, मठ गेले आणि पहिल्या वर्षात त्यांनी काय उभारले, तर नाटकमंडळी! याचे मला नवल वाटत असे. आता वाटत नाही. वस्त्रचित्र दुसरे रंगवता येते. पण ज्याला ते गाणे येते असा म्हातारा गेला की संपले.

बौद्ध विनयग्रंथांत वर्षावासाच्या नियमाची कथा आहे. ती मला पुढे वाचनात आली. आरंभी बुद्धाचे भिक्षू पावसातही फिरत. लोक कुरकुरू लागले की हे हिरवे अंकुर तुडवतात, लहान जीव मारतात. अन्य तीर्थिकसुद्धा पावसाळ्यात एका जागी राहतात, मग यांना काय झाले? तेव्हा बुद्धाने वर्षावासाची अनुज्ञा दिली. त्या कथेत निर्ग्रंथांचे नाव घेतलेले नाही. ‘अन्य तीर्थिक’ एवढेच म्हटले आहे. पण पावसाळ्यात पाऊल न उचलणारे त्या काळचे श्रमण कोण, हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे? तीर्थिक हा शब्द मात्र ध्यानात ठेवावा. तो पुन्हा येणार आहे.

हे सारे हिवाळ्यातील ओझरते दर्शन होते. लोसारचे निमंत्रण आमा दरवर्षी देत. ते घेण्यास मला २०१८ साल उजाडले. तोपर्यंत आई-वडील गेले होते, दुकान बंद झाले होते आणि आमांनीही गावी येणे केव्हाच थांबवले होते. नगरला महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली की ती थेट गोंदियास नेते. तेथून बल्लारशाच्या मार्गावरील गाडीने अर्जुनी, आणि पुढे रस्ता. भात निघून गेलेली मोकळी खाचरे, मोहाची झाडे, आणि मग एकाएकी दोऱ्यांवर फडफडणाऱ्या निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या पताका! श्रीगोंद्याच्या खोलीत ज्यांना मी नेहमी अंग चोरून वावरताना पाहिले होते, ती आमा आपल्या अंगणात उभी होती. चालणेसुद्धा वेगळे होते.

मी पोहोचलो तो दिवस बाराव्या महिन्याची एकोणतिशी. त्या रात्री ‘गुथुक’ करतात. ‘गु’ म्हणजे नऊ. नऊ जिन्नस घालून केलेली, कणकेच्या लहान तुकड्यांची पेज. तिच्यात प्रत्येकासाठी एक मोठा गोळा असतो आणि त्याच्या पोटात काहीतरी लपवलेले असते. मिरची निघाली तर माणूस तोंडाळ, लोकर निघाली तर मऊ मनाचा, कोळसा निघाला तर काळ्या मनाचा. गोळा सर्वांसमोर फोडायचा आणि सर्वांनी हसायचे. आपल्याकडे वर्षभराचे मनातले काढून टाकण्यासाठी संवत्सरीचे प्रतिक्रमण आहे, ‘मिच्छामि दुक्कडं’ आहे. त्यांच्यापुढे ही पेज ठेवली तर हास्यास्पद वाटेल. तरी चार भावंडे आणि सासू-सून एका पातेल्याभोवती बसून एकमेकांचा कोळसा पाहून खदखदा हसत होती, तेव्हा त्या घराचे काहीतरी खरेच धुऊन निघत होते. जेवण झाल्यावर कणकेची एक बाहुली आणि उष्टी पेज घेऊन, पेटते काड पुढे धरून मुले चौकात धावली आणि जुने वर्ष तिथे टाकून मागे न पाहता परतली.

गुथुकात एरवी मांस असते. ते तसेच लिहिले पाहिजे. तिबेटी लोक मांसाहारी आहेत आणि त्यांच्या पठारावर धान्य-भाजी किती पिकते हे पाहिले तर त्याचे कारणही कळते. माझ्यासाठी आमांनी वेगळे पातेले चढवले होते. त्यात वाटाणे होते, सुके चीज होते. मुळा आणि बटाटा कंदमूळ म्हणून गाळले होते. सूर्यास्तापूर्वी, पाच वाजता, मला एकट्याला ताट वाढले. रात्रीचा सण दिवसाउजेडी उरकल्याबद्दल नातवाने तक्रार केली, तेव्हा आमा त्याला मराठीत म्हणाल्या, “यांचं सूर्याशी लग्न लागलंय.” माझ्या गोळ्यात लोकर निघाली. ती मुद्दाम घातली होती असा मला दाट संशय आहे.

प्रतिपदेची पहाट मोठी सुंदर. सर्वांत आधी नवे पाणी भरून आणायचे. देवघरात तळलेल्या खापसेची उतरंड रचलेली. त्यांतील सर्वांत मोठ्यांना गाढवाचे कान म्हणतात, आणि ते तसेच दिसतात. शेजारी ‘छेमार’ ची लाकडी पेटी: एका कप्प्यात लोणी-साखर घातलेले सातूचे पीठ, दुसऱ्यात गहू. आल्यागेल्याने चिमूट घेऊन तीनदा वर उडवायची, थोडी तोंडात टाकायची आणि ‘ताशी देलेक’ म्हणायचे. सातूची छांग मी घेतली नाही. मिठाचा लोणीचहा घेतला आणि, खरे सांगायचे तर, एकाच पेल्यावर थांबलो.

पेटीमागे मेंढीचे मुंडके ठेवले होते. मी दचकलो असेन, कारण आमांनी ते लगेच उचलून माझ्या हातात दिले. लोण्याचे होते, रंगवलेले. तिबेटात पूर्वी ते खरे असे. आता पुष्कळ घरी लोण्याचे किंवा चिनी मातीचे असते. मला यशोधराची कथा आठवली. पिठाचा कोंबडा मारला म्हणून ज्याला जन्मोजन्मी भोगावे लागले, त्या राजाची. पण इथे लोण्याची मेंढी कोणी मारीत नव्हते. ती आपली वर्षभर मानाने बसून राहते. आपल्या आचार्यांनी या प्रकरणी काय निवाडा दिला असता याचा मी त्या पाटावर बसून बराच विचार केला आणि तो अपुराच राहिला.

वेषाबद्दल एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. सणाच्या दिवशी अंगात घालायच्या छुब्याला वाघ, बिबट्या, पाणमांजर यांच्या कातड्याची किनार लावणे तिबेटात श्रीमंतीचे लक्षण झाले होते. जानेवारी २००६ मध्ये आंध्रातील अमरावतीस कालचक्र सोहळा झाला. तेथे दलाई लामांनी या हौसेबद्दल भर सभेत खंत बोलून दाखवली. ती गोष्ट तिबेटात पोहोचली आणि फेब्रुवारीत ठिकठिकाणी लोकांनी आपली मोलाची कातडी बाहेर काढून जाहीरपणे जाळली. राज्य दुसऱ्याचे, आणि सांगणारा सत्तेचाळीस वर्षे हद्दीपलीकडे. पुढच्याच वर्षी जानेवारीत बोधगयेस सतरावे कर्मापा ओग्येन त्रिनले दोर्जे यांनी आपल्या अनुयायांना मांस सोडण्याचे आवाहन केले. सागा दावा, म्हणजे त्यांचा चौथा महिना, त्यात तर एरवीही अनेक तिबेटी मांस वर्ज्य करतात आणि कसायाच्या दारातील प्राणी सोडवून आणतात. बुद्धाची ज्ञानप्राप्ती आणि परिनिर्वाण या महिन्याच्या पौर्णिमेचे मानतात, आणि या काळात केलेले पुण्य लक्षपट होते अशी श्रद्धा आहे. जीवदयेची वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हा हिशोब आवडेल.

आता त्या तीर्थिकांकडे येतो. लोसारनंतरचे पंधरा दिवस म्हणजे बुद्धाने श्रावस्तीत ऋद्धिप्रातिहार्य दाखवले ते दिवस, असे तिबेटी परंपरा मानते. १४०९ मध्ये त्सोंगखापांनी ल्हासात या काळात मोनलाम हा प्रार्थना-महोत्सव सुरू केला, आणि पंधराव्या दिवशी, आपल्या फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास, लोण्याच्या नक्षीदार मूर्ती आणि दिवे मांडतात. आमांच्या भिंतीवर श्रावस्तीच्या प्रसंगाचे छापील चित्र होते. मध्ये तेजस्वी बुद्ध, आणि खाली कोपऱ्यात घाबरून पळणारे काही उघडे तपस्वी. मी पालांना विचारले, हे कोण? ते म्हणाले, बुद्धाने हरवलेले सहा गुरू, तीर्थिक.

बौद्ध ग्रंथांतील त्या सहांची नावे मला ठाऊक होती. पूरण कस्सप, मक्खली गोसाल, अजित केसकंबली, पकुध कच्चायन, संजय बेलट्ठिपुत्त. आणि निगंठ नातपुत्त. निगंठ नातपुत्त म्हणजे भगवान महावीर.

ज्या घरचे मीठ खाल्ले त्या घराच्या भिंतीवर हे चित्र. गप्प बसणे शक्य होते, पण ते खोटे झाले असते. मी सांगितले की यांतील एक आमचे चोविसावे तीर्थंकर आहेत, आणि आमच्या ग्रंथांत असे काही घडलेले नाही. पालांनी चष्मा लावून चित्र जवळून पाहिले, जणू साठ वर्षांत पहिल्यांदाच. मग ते म्हणाले, “आम्हाला नावं कुणी सांगितली नाहीत. नुसतं तीर्थिक म्हणतात.” आणि थोड्या वेळाने, “पण हे पळताहेत. तुमचे महाराज तर इतकं हळू चालतात!”

मी हसलो. राग आला होता तो गेला, असे मात्र म्हणणार नाही. थोडासा राहिला, आणि तो राहणे योग्यच होते. आपल्याकडे तरी काय आहे? मल्लवादी सूरींनी भरुचला बौद्ध वाद्याला हरवल्याची कथा आपण अभिमानाने सांगतो. अकलंकदेवांच्या वादाची कथा दिगंबर बंधू सांगतात. तिच्यात बौद्धांची तारादेवी घड्यात बसून बोलत असते. प्रत्येकाच्या ग्रंथात दुसरा हरतो. त्या भिंतीसमोर मला महत्त्वाचे वाटले ते इतकेच की ज्या तीर्थिकांचा पराभव एका सणात रंगवला आहे, त्यांच्याकडे बोट दाखवून लोकांनी मागितलेला नियम दुसऱ्या सणाच्या मुळाशी आहे. मी पालांना विनयग्रंथातील ती कथा सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगावयास लावली. चित्र भिंतीवरच राहिले. मी ते काढा म्हटले नाही आणि त्यांनीही विचारले नाही.

लोसार न साजरा करण्याचीही एक रीत आहे. २००८ च्या वसंतात तिबेटात झालेल्या उठावात माणसे मारली गेली, म्हणून २००९ चा लोसार तिबेटी लोकांनी साजरा केला नाही. २०१२ सालीही, आत्मदहने होत असताना, तसेच झाले. प्रार्थना केल्या, पण खापसे, गाणे, नवे कपडे नाहीत. आपल्या घरात मृत्यू झाला की पहिल्या दिवाळीला आपण तळण काढत नाही. इथे एका अख्ख्या लोकसमूहाने सुतक पाळले. आमा म्हणाल्या की मुलांना समजावणे फार कठीण गेले, कारण वर्षातून घर भरते ते त्या आठवड्यातच.

आता घर तेवढेही भरत नाही. नोर्गेलिंगची तरुण मुले बंगळुरूत आहेत, दिल्लीत आहेत, परदेशी गेली आहेत. आमांची मुलगी टोरांटोला असते. तेथील पार्कडेल भागात एवढे तिबेटी झाले आहेत की लोसारला वसाहतीपेक्षा तिथेच गर्दी, असे ती फोनवर सांगते. श्रीगोंद्यात आपले वेगळे काय आहे? माझा मुलगा पुण्यात. पर्युषणात स्थानकात आम्ही जमतो तेव्हा सर्वांत तरुण श्रोता पन्नाशीचा असतो. चातुर्मासाची विनंती घेऊन जाताना मनात धाकधूक असते की महाराज साहेबांनी ‘हो’ म्हटले तर गोचरीला घरे किती उघडी असतील. फरक एवढाच की आमच्या मुलांना परत यावेसे वाटले तर एसटी आहे, आणि गाव जागेवर आहे. आमांच्या मुलीला परत यायचे झाले तर ते गोठणगावला. जिथून हे सण निघाले तिथे नाही.

पाला करोनाच्या दुसऱ्या वर्षी गेले. या फेब्रुवारीत लोसारला मी आमांना फोन केला. यंदा अग्नि-अश्व वर्ष लागले, सतराव्या रबजुङाचे चाळिसावे. आणि या पाडव्याला आपलेही चाळिसावे संवत्सर, पराभव. नाव ऐकून आमा हसल्या. मग अश्ववर्षाचे बोलू लागल्या. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे अश्ववर्षात कैलासाची एक प्रदक्षिणा तेरा प्रदक्षिणांच्या बरोबरीची. सागा दावाच्या पौर्णिमेला कैलासाच्या पायथ्याशी तारबोचे येथे एक प्रचंड ध्वजस्तंभ उतरवतात, नव्या पताका बांधून पुन्हा उभारतात. तो सरळ उभा राहिला तर वर्ष चांगले जाते. पालांना ते पाहायचे होते. तो पर्वत त्यांचा गांग रिनपोछे आणि आपला अष्टापद. भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी म्हणून आपण ज्याला दुरून वंदन करतो, तो. पाच वर्षांच्या खंडानंतर कैलास-मानसरोवर यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. सरकारी यात्रेला भारतीय पारपत्र लागते, आणि ते माझ्याकडे आहे. आमा भारतात साठ वर्षांहून अधिक राहिल्या. त्यांच्याकडे निर्वासिताचा दाखला आहे.

आठ दिवसांनी टपालाने एक पुडके आले. आत पताकांची एक दोरी होती आणि नातवाच्या हाताने मराठीत लिहिलेली चिठ्ठी. यात्रेची वयोमर्यादा सत्तर. मी सदुसष्ट पूर्ण केली आहेत. अर्ज भरायचा आहे, नावे सोडतीने निघतील आणि जथे जूनपासून निघतील, म्हणजे पौर्णिमा चुकण्याचीच शक्यता अधिक. चिठ्ठीत आमांनी कळवले आहे की पौर्णिमा साधली नाही तरी चालेल. निळी पताका आधी येऊ द्यावी, दोरी जमिनीला लागू देऊ नये, आणि ज्या दगडाला ती बांधाल तो हलवण्यापूर्वी त्याच्याखाली काही जिवंत आहे का ते पाहावे.